सूचना क्रमांक आठ

सूचनाकाकांना तीन वर्षांपूर्वी एक पत्र आलं होतं आणि त्याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नव्हतं. विसरले होते म्हणावं, तर तसंही नाही. विसरता आलं असतं तर आणखी काय हवं होतं! पत्र ठेवलं होतं शब्दकोशात, आणि दिवसातून दोनदा तरी शब्दकोश उघडल्याशिवाय काकांना चैन पडत नसे. उघडला की पत्राचा कोपरा दिसे. कोपरा दिसला की काका कोश फटकन मिटत आणि जो शब्द बघायचा तो तसाच राहून जाई. तीन वर्षांत त्यांच्या शब्दसंग्रहात एका शब्दाचीही भर पडली नव्हती.

सूचनाकाका हे नाव त्यांना ऑफिसात पडलं आणि निवृत्तीनंतर त्यांच्या मागोमाग घरी आलं. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं माहितीपत्रकं लिहीत होते. पंख्याबरोबर, इस्त्रीबरोबर, मिक्सरबरोबर खोक्यात जी घडी घातलेली पुस्तिका येते आणि जी कुणी वाचत नाही, ती. 'ओल्या हाताने बटण दाबू नये' हे वाक्य काकांचं. आपलं लिखाण कुणी वाचत नाही याची त्यांना पक्की खात्री होती. त्यांच्या स्वतःच्या घरातला मिक्सर काकूंनी पुस्तिकेकडे ढुंकूनही न बघता चौदा वर्षं चालवला होता, आणि तोही बहुतेक वेळा ओल्या हाताने.

स्वभावाने काका म्हणजे दुकानदाराने एक नंबर लहान बूट दिले तरी "चालतील, चालतील" म्हणत लंगडत घरी येणारा माणूस. अशा माणसाला कुणी वाचक पत्र लिहील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण लिहिलं. निवृत्त झाल्यावर महिन्याभरात कारखान्याने ते घरच्या पत्त्यावर पाठवून दिलं. पत्र असं होतं :

'साहेब, मी एका लाँड्रीत रफू करते. आमच्या मालकांनी तुमच्या कंपनीचं कपडे धुण्याचं मशीन घेतलं. माहितीपत्रक वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुकानात चष्मा फक्त मला आहे. त्यातली सूचना क्रमांक आठ वाचली : "यंत्रात पाणी भरत असताना शेजारी स्टूल घेऊन बसावे. हा आवाज दुसरीकडे मिळत नाही." मी स्टूल घेऊन बसले. आवाज खरंच चांगला आहे.

त्या दिवसापासून माझ्या हातून एक गोष्ट व्हायला लागली आहे. कोटाचा खिसा रफू केला की उरलेल्या दोऱ्याने मी आत एक उंदीर काढते. नखाएवढाच. बाहेरून दिसत नाही. सापडला तर सापडला. मालक म्हणतात, जे लागत नाही ते करणं म्हणजे चूकच. मी म्हटलं, छापील पत्रकात पण एक वाक्य लागत नसताना आहेच की. ते म्हणाले, चुकून पडलं असेल. म्हणून विचारते. सूचना आठ तुम्ही जाणूनबुजून घातलीत, की चुकून पडली? जाणूनबुजून असेल तर मी उंदीर चालू ठेवते. चुकून असेल तर बंद करते. खरं काय ते कळवा.'

आता पंचाईत अशी, की सूचना आठ चुकूनच पडली होती.

काकांचा एक नियम होता. यंत्र स्वतः चालवून पाहिल्याशिवाय त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. निवृत्तीला चार महिने राहिले असताना ते चाचणीच्या खोलीत स्टुलावर बसून नव्या मशीनमध्ये पाणी भरताना बघत होते. पाणी आधी पत्र्यावर पडल्यासारखं वाजलं, मग पाण्यावर पाणी पडल्यासारखं. काकांना फार बरं वाटलं. मांडीवर सात सूचनांचा कच्चा मसुदा होता. त्याच्या समासात त्यांनी पेन्सिलीने ते वाक्य लिहिलं, स्वतःपुरतं. मग कागद छपाईला गेला आणि पेन्सिलीने लिहिलेलं वाक्य सहा हजार प्रतींत सूचना आठ होऊन बाहेर आलं.

साहेबांनी बोलावून घेतलं.

"हे काय आहे?"

"वाक्य आहे," काका म्हणाले.

"गिऱ्हाईक स्टुलावर बसलं आणि पडलं, तर जबाबदार कोण?"

स्टूल जेमतेम दीड फुटाचं असतं, असं काकांना सांगायचं होतं. तोंडातून मात्र "चुकलं" एवढंच निघालं.

शिक्षा म्हणून सहाही हजार प्रतींवर चिकटपट्टी लावायचं काम त्यांच्याकडेच आलं. पट्टीवर छापलं होतं, '८. यंत्र सपाट जागी ठेवावे.' सूचना क्रमांक दोनही हीच होती. पण काकांनी ते साहेबांच्या लक्षात आणून दिलं नाही. गोदामात बसून त्यांनी अकरा दिवस पट्ट्या लावल्या.

म्हणजे बाईंच्या प्रश्नाला उत्तर सरळ होतं : चुकून पडली. पण खरं लिहावं तर उंदीर मरतो, आणि खोटं लिहावं तर बाईंनी ज्याच्यावर विश्वास टाकला तो माणूस. काकांनी मधला मार्ग काढायचा ठरवला आणि तिथेच फसले. पहिला खर्डा 'सर्जनशीलता म्हणजे नेमके काय, हे पाहण्यापूर्वी' असा सुरू झाला आणि चौदा पानं झाली तरी ते पाहण्यापूर्वीच चाललेलं होतं. दुसरा खर्डा पहिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणारा होता. असे एकेचाळीस झाले. खर्ड्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर काकू सामानाच्या याद्या करायच्या. एकदा दुकानदाराने यादी उलटी धरली आणि मोठ्याने वाचलं, "'मानवी मनाच्या गाभ्यातून उसळणारी', हे किती किलो देऊ?"

मध्ये एकदा जावई आले. जावई कंपन्यांमध्ये सर्जनशीलतेची शिबिरं घेत. चांगल्या कर्त्या माणसांना ते जमिनीवर बसवत आणि रंगीत कागदाच्या टोप्या करायला लावत. सासऱ्यांची अडचण कळताच त्यांनी बाह्या सरसावल्या.

"बाबा, डोळे मिटा. मोकळे व्हा. समजा, तुम्ही एक नदी आहात."

"मला सर्दी होते," काका म्हणाले.

"बरं, नदी राहू द्या. त्या बाईंना एवढंच कळवा, की चूक असं काही नसतंच. असतात त्या फक्त संधी."

"सहा हजार पट्ट्या चिकटवा म्हणजे चूक असते की नाही ते कळेल," काका म्हणाले. स्वतःच्या जावयाला ते आयुष्यात पहिल्यांदाच इतकं तोडून बोलले, आणि लगेच घाबरून त्यांना बिस्किटं पुढे केली.

जावई गेल्यावर काकूंनी शब्दकोश ओढला, पत्र काढलं आणि उभ्याउभ्याच वाचून टाकलं.

"अहो, ही बाई अजून उंदीर काढते की नाही, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"काढत असेल," काका म्हणाले. "माझ्या उत्तरासाठी कोण थांबतंय?"

"मग जाऊन बघा. काढत असेल तर तुमच्या उत्तराचं घोडं गंगेत न्हालं. नसेल तर बसा लिहायला. तुमचा करडा कोट घेऊन जा."

"त्याचा खिसा धड आहे."

काकूंनी कात्री आणली. "होता," त्या म्हणाल्या.

लाँड्री बसने अर्ध्या तासावर होती. दारातच गरम इस्त्रीचा आणि ओल्या लोकरीचा वास. आत काउंटरमागे एक पन्नाशीच्या बाई, एक चष्मा नाकावर आणि एक डोक्यावर. दोन्ही चष्मे बघून काकांनी ओळखलं, हीच. आणि ओळखल्याबरोबर त्यांची बोबडी वळली.

बाईंनी खिसा उलटा केला, डोक्यावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा डोक्यावर चढवला.

"कधी फाटला?"

"आज सकाळी."

"फाटला नाही हा. कापलाय."

"हो का?" काका म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आतल्या बाजूने कापलाय. खिसेकापू खिशात शिरून कापतो का हो?"

काकांनी यावर विचार केल्यासारखं केलं. बाईंनी पावती फाडली. "गुरुवारी या."

गुरुवारी काका दुकान उघडायच्या आधीच दारात. कोट हातात पडताच त्यांनी खिसा उलटा केला. रफू असं, की कापलं कुठे होतं ते काकूंनाही सांगता आलं नसतं. करड्यात करडा दोरा, धागा उणा नाही की अधिक नाही. काकांनी खिशाचा तळ चाचपला, कोपरे चाचपले, मग चुकून दुसरा असेल म्हणून दुसरा खिसाही उलटा केला.

"काही राहिलं होतं का खिशात?" बाई म्हणाल्या.

"नाही… म्हणजे… आत तुम्ही जास्तीचं काही… काढता, असं ऐकलं होतं."

बाईंचा हात पावत्यांच्या वहीवर थांबला. "कुणी सांगितलं?"

"असंच… बोलण्यात आलं."

"काढायचे पूर्वी. उंदीर काढायचे. एका वकिलाने तक्रार केली, की भर कोर्टात खिशात उंदीर सापडला. मालक माझ्यावर ओरडले. दुसऱ्या दिवशी तोच वकील घरातले चार कोट घेऊन आला. यातही घाला म्हणाला." बाई हसल्या. मग हसू आवरून वही सरळ करत म्हणाल्या, "आता बंद केलं."

"का?"

"एका जाणकार माणसाला विचारलं होतं, हे बरोबर की चूक. वर्षभर वाट बघितली. जाणकार माणूस गप्प बसला, की काय समजायचं ते आपण समजावं. बिचाऱ्याला तोंडावर चूक म्हणवलं नसेल."

बिचारा समोर उभा होता. मीच तो, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला तो "किती झाले?" एवढाच. कोट छातीशी धरून तो बाहेर पडला आणि चुकीच्या बसमध्ये चढला.

चुकीच्या बसने एक बरं केलं. ती जिथे थांबली तिथून स्वल्पविरामाचं घर जवळ होतं.

स्वल्पविराम म्हणजे कारखान्याच्या छापखान्यात मजकूर जुळवणारा. दर दोन शब्दांनंतर थांबून बोलायची त्याला सवय, त्यावरून नाव पडलं. सव्वीस वर्षं काकांनी लिहायचं आणि त्याने जुळवायचं, असं चाललं होतं. पण सूचना आठ झाल्यापासून दोघं बोलत नव्हते. काकांना वाटे, आपल्या गलथानपणापायी त्याच्या छपाईची नाचक्की झाली, तो रागावला असणार. समोरून तो येताना दिसला की काका रस्ता ओलांडत. तोही ओलांडत असे. त्यामुळे दोनदा ते दुसऱ्या बाजूला आमनेसामने आले होते आणि दोघांनीही दुकानांच्या पाट्या वाचल्या होत्या.

दार उघडून स्वल्पविराम बघतच राहिला.

"तू? आत, ये."

काकांनी बसायचीही वाट पाहिली नाही. दारातच लाँड्री, उंदीर, बाई, सगळं एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "ती विचारतेय, जाणूनबुजून की चुकून. चुकून पडलं म्हणून लिहावं लागणार. समासातल्या पेन्सिलीवर तुझी नजर चुकली, दोष माझाच, मी तिथे लिहायला नको होतं."

"नजर, नाही, चुकली," स्वल्पविराम म्हणाला. तो खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. "पेन्सिलीला, आकडा, होता का?"

"नव्हता."

"मग, आठ, कुणी घातला?"

काकांना हे कधी सुचलंच नव्हतं. सूचनेला आकडा आपोआप लागतो अशीच त्यांची समजूत होती.

"मी, घातला," स्वल्पविराम म्हणाला. "सव्वीस वर्षं, तू लिहितोस, ओल्या हाताने, हे करू नये, ते करू नये. पहिल्यांदा, काहीतरी, करावं, असं आलं. मला, बरं वाटलं."

"अरे पण विचारायचंस तरी! असं कसं छापलंस?"

"तपासल्याशिवाय, छापत नाही, मी." तो जरा दुखावल्यासारखा दिसला. "घरी, मशीन आहे. स्टूल, घेतलं. बसलो. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, काम, चाललंय." त्याने मान खाली घातली. "मग, साहेबांनी, तुला धरलं. मला, बोलता, आलं नाही. पोरीचं, शिक्षण, चालू होतं. तुझ्यासमोर, यायला, तोंड नव्हतं."

काका शेजारच्या खुर्चीत बसले. अशा वेळी काय करावं याची सूचना काकांनी कधी लिहिली नव्हती आणि स्वल्पविरामाने कधी जुळवली नव्हती. मग स्वल्पविरामाच्याच कपाळावर आठी उमटली.

"एक, सांग. सगळ्या प्रतींवर, पट्टी, लावलीस. मग तिला, उघडी प्रत, मिळाली कशी?"

"शेवटचं एक खोकं राहिलं. पट्ट्या संपल्या."

"पट्ट्या, मी, छापल्या होत्या," स्वल्पविराम म्हणाला. "साडेसहा, हजार."

काका बोलायला गेले आणि थबकले. संपल्या, असं त्यांनी साहेबांना सांगितलं होतं हे खरं. इतक्या पटकन सांगितलं होतं की पुढे त्यांना स्वतःलाही ते खरंच वाटू लागलं. पण आता ती अकरावी दुपार डोळ्यांसमोर उभी राहिली. समोर शेवटचं खोकं, मांडीवर पट्ट्यांची अख्खी चळत. पहिली प्रत उचलली, सूचना आठ वाचली. दुसरी उचलली, पुन्हा वाचली. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी पट्ट्या कोटाच्या खिशात कोंबल्या, खोकं बंद केलं, त्यावर दोरी बांधली आणि गाडीत चढवायच्या मालात सरकवून दिलं. घरी जाताना वाटेत त्या पट्ट्या त्यांनी कचरापेटीत टाकल्या होत्या. चौतीस वर्षांच्या नोकरीतली ती त्यांची एकुलती एक लबाडी. आणि ती ते साफ गिळून बसले होते.

"अरे," काका हळूच म्हणाले, "मी लबाड माणूस आहे."

"चला," स्वल्पविराम म्हणाला, "दोघं, झालो."

घरी येऊन काकांनी कोट न काढताच टेबल गाठलं. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय, होता उंदीर?"

"नव्हता. माझ्यामुळे."

काकूंनी टेबलाचा खण उघडला. त्यांनी एक कोरा कागद काढून पुढे ठेवला. एकच, हे मुद्दाम.

काकांनी लिहिलं :

'बाई, सूचना आठ मी लिहिली ती छापण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. तिला आकडा माझ्या मित्राने दिला, जाणूनबुजून, आणि आधी घरी स्टुलावर बसून खात्री करून. ती झाकण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा शेवटच्या खोक्यातल्या प्रती मी झाकल्या नाहीत. पट्ट्या होत्या. तरी लावल्या नाहीत. हेही जाणूनबुजून. तुमची प्रत त्या खोक्यातली. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर : जाणूनबुजून.

मी तीन वर्षे गप्प बसलो याचा तुम्ही लावलात तो अर्थ नव्हता. मी फक्त घाबरलो होतो. मला माफ करा. उंदीर चालू ठेवावा.

ता. क. : आतून कापलेला खिसा घेऊन आलेला माणूस मीच. कात्री माझ्या पत्नीची.'

"माझं नाव कशाला घातलंत त्यात?" काकू म्हणाल्या.

"खरं काय ते कळवा म्हणाल्यात त्या."

"बरं, आता 'सर्जनशीलता' घालू नका कुठे," काकूंनी पाकीट पुढे केलं.

दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. एकट्याला पाठवलं तर पत्र परत घेऊन येतील, अशी काकूंना शंका होती आणि ती रास्त होती. काकांनी पत्ता तीनदा वाचला, तिकीट अंगठ्याने दाबून पाहिलं आणि पाकीट फटीत निम्मं सरकवून थांबले.

"'माफ करा' हे जरा आधी यायला हवं होतं का? म्हणजे पहिल्याच ओळीत? उघडून एकदा बघूया?"

मागे एक माणूस आपलं पत्र हातात धरून केव्हाचा उभा होता. त्याने घसा खाकरला.

"सोडा," काकू म्हणाल्या.

"आणि 'चालू ठेवावा' हे फारच सूचनेसारखं…"

काकूंनी त्यांच्या मनगटावर चापट मारली आणि पत्र पेटीत पडलं.